कबुतरखान्याच्या भिंतीवरचा हात

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मला कोणाची खात्री पटवायची नाही.

हे माझ्या घरात घडलंय. माझ्या थोरल्या जावेच्या बाबतीत. आणि तिच्या आडवा जो आला, तो माझाच नवरा.

भुताच्या गोष्टी म्हणे रात्रीच्या असतात. ही रात्रीची नाही. दिवसाढवळ्याची आहे, अख्ख्या गावासमोरची. त्यातले अर्धे लोक आज कबरीत आहेत, पण उरलेल्यांना विचारा. त्यातला एकही हसणार नाही.

साल एकोणीसशे एकाहत्तर. ऑक्टोबर महिना. गाव सारीकाया, तुर्कस्तानात, उर्गुपच्या पुढे, जिथे कडे पिवळे आणि पोकळ आहेत. द्राक्षांची काकवी कढवून झाली होती. एर्जियेस डोंगराच्या टोकावर बर्फ दिसायला लागलं होतं.

म्हणजे कबुतरखाने उघडायचे दिवस.

आमच्याकडे कड्याच्या मऊ दगडात उंचावर खोल्या कोरलेल्या आहेत. माणसांसाठी नाहीत, कबुतरांसाठी. खोलीच्या तोंडाला दगड रचून भिंत घालतात. भिंतीत वरच्या बाजूला चार-पाच भोकं, पाखरांना ये-जा करायला. वर्षातून एकदा भिंत उघडायची, आत साठलेलं खत काढायचं आणि मळ्याला घालायचं. त्या खताशिवाय आमच्या राखेसारख्या जमिनीत द्राक्षाचं एक पान येत नाही. मग त्याच दिवशी, संध्याकाळच्या बांगेआधी, दगड परत रचायचे. वर चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालून गिलावा करायचा, म्हणजे रानमांजर चढायला गेलं तर घसरतं.

आणि गिलावा ओला असतानाच मालकाने त्यावर उजव्या हाताचा पंजा उमटवायचा.

ज्याचा पंजा, त्याचा कबुतरखाना. पुढच्या वर्षापर्यंत. आमच्या गावात त्याचा कागद कोणी विचारत नव्हतं.

माझ्या जावेचं नाव एल्मास. तिचा नवरा बेकिर त्या वर्षी वसंतात गेला. मळ्यातच छातीत कळ आली आणि बसल्या जागी आटोपलं. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला एक मळा, एक कबुतरखाना आणि एल्मास.

बेकिरचा धाकटा भाऊ रसूल, म्हणजे माझा नवरा. माणूस वाईट नाही. पण मोठ्या भावाचा मळा बघून तोंडाला पाणी सुटलं, ते मी बघत होते.

तो एल्मासकडे गेला. ती गच्चीवर जर्दाळू उलटत होती.

"वहिनी, बाईमाणसाचा पंजा भिंतीवर कधी पडलेला नाही आपल्याकडे."

"तुला भाकरी थापून कोणी घातल्या लहानपणी? बाईच्या पंज्यानेच ना?"

"गाव हसेल."

"हसू दे. गावात दात किती जणांना उरलेत?"

रसूलने आवाज मऊ केला. "यंदा मी लावतो पंजा. खत तुम्हालाच देईन की. घरचंच आहे."

"घरचंच," एल्मास म्हणाली. "यंदा खत देशील. पुढच्या वर्षी म्हणशील, वहिनी, मळाही मीच कसतो. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणशील, एकटीला वेगळी चूल कशाला. मग मी तुझ्या ताटाखालचं मांजर. जा घरी, रसूल. तुझ्या बायकोने सूप केलंय, वास येतोय."

तो खरंच घरी आला. कारण आदल्याच दिवशी त्याने मला हेच सांगितलं होतं. याच क्रमाने.

गुरुवारी सकाळी एल्मास कड्याखाली गेली. दोर धरायला एक पुरुष आला नाही. रसूलने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आली ती फक्त हुर्मूझ आजी. वय सत्तर. तोंडात विडी, कमरेला सलवार बांधून घट्ट.

"आजी, पोतं सांभाळशील ना?"

"मी अकरा बाळंतपणं सांभाळलीत. पोतं काय घेऊन बसलीस? चढ."

शिडी कड्याच्या अर्ध्यापर्यंत जाते. पुढे दगडातच पाय ठेवायला खोबणी कोरलेल्या आहेत. एल्मास त्यात पाय रोवत वर पोचली. एका हाताने भिंतीला धरलं.

आणि थांबली.

शेजारच्या सगळ्या कबुतरखान्यांवर पाखरं बसली होती. ओळीने, फुगून, उन्हात.

तिच्या भिंतीवर एकही नव्हतं.

पण आतून घुमण्याचा आवाज येत होता. घू... घू... घू... भरपूर पाखरं असावीत असा.

बरं झालं, आत आहेत, असं म्हणून तिने पहारीने पहिला दगड काढला.

आवाज थांबला.

दुसरा काढला. तिसरा. पाखरं भोकांतून फडफडत बाहेर यायला हवी होती. कबुतरखाना उघडताना तोंडावर पदर घ्यावा लागतो, इतकी येतात.

एक पीससुद्धा आलं नाही.

ती वाकून आत शिरली. भिंतींमध्ये कोरलेले कोनाडे होते, शंभरेक असतील. प्रत्येकात काटक्यांचं घरटं. एका घरट्यात दोन अंडी दिसली. तिने सहज हात लावला.

अंडी गरम होती.

आत कबुतर एकही नव्हतं.

मी असते तर तिथूनच उतरले असते. खोटं कशाला बोलू? पण एल्मासला खाली उतरणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. बांगेपर्यंत भिंत बंद झाली नाही, पंजा पडला नाही, तर त्या कबुतरखान्यावर दुसऱ्या दिवशी कोणाही भाऊबंदाचा हक्क. उतरली असती तर भीती सुटली असती आणि मळाही.

तिने फावडं उचललं.

खत गुडघ्याएवढं साठलं होतं. वर्षभराचं, कोरडं, वरून पापडीसारखं. कोणी पाय ठेवल्याची खूण नव्हती. आणि ठेवणार तरी कोण? भिंत वर्षभर बंद होती.

मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं...

तोंडाच्या रचलेल्या भिंतीला अगदी लागून, आतल्या बाजूला, दोन जागा स्वच्छ होत्या. दगड दिसत होता. तिथे वर्षभरात खताचा एक कण पडलेला नव्हता.

दोन पावलांएवढ्या जागा. शेजारी शेजारी. बोटं भिंतीकडे.

जणू वर्षभर कोणीतरी तिथे उभं होतं. भिंतीला तोंड करून.

एल्मासने मला हे पुढे पीठ मळताना सांगितलं, तेव्हा तिचे हात परातीत थांबले होते. तिने तेव्हा काय केलं? दोन्ही पावलांच्या जागेला पाठ केली आणि पोतं भरायला लागली.

"पाठ कशी केलीस गं?" मी विचारलं.

"तोंड केलं असतं तर काम झालं नसतं," ती म्हणाली.

पोतं भरलं की दोराला बांधायचं, दोराला एक झटका द्यायचा, वरच्या खुंटीवरून गेलेला दोर आजी खालून हळूहळू सैल सोडणार. तीन झटके म्हणजे माणूस उतरतंय, घट्ट धर. असं ठरलं होतं.

पाच पोती गेली. एल्मास उंबऱ्याजवळ टेकली. कुपीतलं पाणी प्यायली. दोराचं टोक तिच्यासमोर, वावभर अंतरावर पडलं होतं. सैल.

खालून आजीचा आवाज आला. "उतरतेस का गं?"

"नाही. का?"

"मग तीन झटके कशाला दिलेस?"

एल्मासने दोराकडे बघितलं.

दोर सरकला.

तिच्या डोळ्यांसमोर. उंबऱ्यावरून आत. एकदा... दोनदा... तीनदा. दर वेळी हातभर. त्या दोन स्वच्छ जागांच्या दिशेने.

आणि मग घुमणं सुरू झालं. घू... घू... तिच्या मागून. कोनाड्यांतून नाही. त्या कोपऱ्यातून. माणसाच्या गळ्याच्या उंचीवरून.

एल्मासने अल्लाचं नाव घेतलं. खाली आजी ओरडत होती, "पोरी, सोड ते, उतर खाली."

ती उठली. उतरायला नाही. तिने दोराचं टोक धरलं, खेचून उंबऱ्यापाशी आणलं आणि त्याच्यावर पाय दिला.

मग पाठमोरीच बोलली.

"ऐक. तू कोण ते मला माहीत नाही. बेकिर असशील तर तुला लाज वाटायला हवी, वीस वर्षांत एक पोतं उचललं नाहीस आणि आता दोर ओढतोयस. दुसरा कोणी असशील तर राहा. भाडं मागत नाही. पण ही जागा माझी आहे. मी दर वर्षी येणार. तू मला घालवू शकत नाहीस, जसा खालचा तो रसूल घालवू शकत नाही. आता गप्प बस. मला अजून सहा पोती भरायचीत."

घुमणं थांबलं.

तिने सहा पोती भरली. बाहेर आली. दगड रचले. चुना कालवला, त्यात दीड डझन अंड्यांचा पांढरा बलक घातला, गिलावा केला. बांगेला अजून अर्धा तास होता. तिने सलवारीला हात पुसला, पंजा पसरला आणि ओल्या गिलाव्यावर दाबला.

भिंत गार होती. बाकी काही नाही.

खाली उतरल्यावर आजीने तिच्याकडे बघितलं. विडी विझली होती आणि आजीला ते कळलं नव्हतं.

"कोणाशी बोलत होतीस?"

"भाडेकऱ्याशी."

हुर्मूझ आजी यावर गप्प राहिली, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नमाज सुटली आणि पुरुष मशिदीतून सरळ कड्याखाली आले. रसूल पुढे, इझ्झेत मुख्तार मागे. मुख्तार म्हणजे गावचा प्रमुख, माणूस भला, पण कढीपेक्षा पातळ. आम्ही बायका ओढ्याच्या पलीकडे उभ्या होतो. मी जिथे होते तिथून भिंत स्वच्छ दिसत होती.

रसूलने वर बोट केलं. "मुख्तार, बघा. बाईचा पंजा. हे चालणार आहे का?"

मुख्तारने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

मग म्हणाला, "पण हे दोन पंजे आहेत रे..."

एल्मासने वर बघितलं. पहिल्यांदाच तिचा रंग उतरलेला मी पाहिला.

तिचा पंजा होता तिथेच होता. त्याच्या शेजारी, चार बोटांवर, दुसरा. मोठा. पुरुषाचा.

रसूलचा चेहरा उजळला. "कोणी लावला? कोणीतरी घरातल्याने लावलाय. म्हणजे दावा झालाच."

"कोण चढला होता रात्री?" मुख्तारने विचारलं. कोणीच नाही. शिडी एल्मासने घरी नेली होती आणि दाराला आडवी लावून झोपली होती. तरी मुख्तारने तीच शिडी आणवली आणि एका गवंड्याला वर पाठवला. आयुष्यभर गिलावे केलेला माणूस.

तो वर गेला. दोन्ही पंज्यांवरून बोट फिरवलं.

आणि भराभर खाली आला.

"काय झालं?"

"बाईचा पंजा आत दबलाय. दाबतो तसा."

"मग?"

"दुसरा बाहेर आलाय."

मुख्तारला कळलं नाही. कोणालाच कळलं नाही. गवंड्याने स्वतःचा तळहात त्याच्या तोंडासमोर धरला. "असा. समोरून. बोटं, तळवा, सगळं फुगून बाहेर. आतून कोणी दाबावं तसं."

"आत दगड आहेत ना?"

"वीतभर जाडीचे," गवंडी म्हणाला. "गिलावा तर दगडाच्या बाहेर आहे. आतून कोण दाबणार?"



रसूलने संधी साधली. माझा नवरा, पण खरं ते खरं. म्हणाला, "हा माझ्या भावाचा हात आहे. त्याला हे पसंत नाही. बाईने त्याच्या जागेला हात लावला म्हणून तो उठलाय. भिंत फोडा. मी नव्याने बांधतो, मी पंजा लावतो. तेव्हाच तो शांत होईल."

माना हलल्या. पुरुषांच्याच नाही, बायकांच्याही. मुख्तार एल्मासकडे वळला. "एल्मास वहिनी, तुम्ही शहाण्या आहात. सोडून द्या. हे आपल्या हातातलं राहिलेलं नाही."

त्या क्षणी ती हरली असं मला वाटलं.

ती ओढा ओलांडून पुढे गेली. सलवारीला चुना तसाच होता.

"फोडायची ना भिंत? फोड, रसूल. पण आधी वर जा आणि त्या हातावर हात ठेव."

"कशाला?"

"तुझा भाऊ आहे म्हणतोस ना. भावाचा हात भावाला कळेल. मी काल त्याच्याशी बोलले, मला तो काही बोलला नाही. तू रक्ताचा. तुला सांगेल. त्याने सांगितलं की जागा रसूलची, तर मी मळाही देते. सगळ्यांसमोर सांगते."

रसूल जागचा हलला नाही.

"काय झालं? दादाला भेटायला घाबरतोस?"

कोणीतरी हसलं. त्या हसण्याने काम केलं. माझ्या नवऱ्याला एकवेळ मरण चालेल, पण कोणी हसलेलं चालत नाही.

तो चढला. खोबणींवरून वर गेला. भिंतीसमोर उभा राहिला. मागे वळून एकदा खाली बघितलं, बहुतेक माझ्याकडे. मी मान फिरवली नाही.

त्याने उजवा हात उचलला आणि त्या पंज्यावर ठेवला. बोटावर बोट.

आम्ही वाट बघत राहिलो.

तो हलेना.

मुख्तारने हाक मारली. "रसूल?"

त्याचा खांदा ताणला गेला होता. हात मागे घ्यायचा असावा आणि घेता येत नसावा, तसा...

मग त्याच्या डोक्यावरच्या भोकांतून कबुतरं बाहेर पडली. एक नाही, दहा नाही. शंभरावर. आदल्या दिवशी जी खोली रिकामी होती, त्या खोलीतून. आभाळ पांढरं झालं. आवाज इतका की दोन बायका खाली बसल्या.

पाखरं गेली तेव्हा रसूल खाली उतरत होता. हळूहळू, म्हाताऱ्यासारखा. त्याचं वय तेव्हा चौतीस.

तो मुख्तारसमोर आला.

"तिचंच आहे," तो म्हणाला.

"काय सांगितलं त्याने? बेकिर होता का?"

"तिचंच आहे," एवढंच तो पुन्हा म्हणाला. आणि कोणाकडे न बघता घराकडे चालू लागला.

एल्मासने त्याला हाक मारली नाही. जिंकल्याचं एक अक्षर बोलली नाही. पोती गाढवावर लादली आणि मळ्यात गेली.

ती पुढे एकतीस वर्षं जगली. दर ऑक्टोबरला एकटीने कबुतरखाना उघडला, बंद केला, पंजा लावला. दर वर्षी सकाळी शेजारी तो दुसरा असायचा. फुगलेला. तिने कधी खोडला नाही. मी विचारलं तर म्हणायची, "भिंत मोठी आहे. दोघांना पुरते." तिच्या द्राक्षांसारखी द्राक्षं अख्ख्या खोऱ्यात नव्हती. आणि आमच्या दारी ती एक दिवसही काही मागायला आली नाही. मीच तिच्या दारी जायचे.

ती गेल्यावर तो कबुतरखाना कोणी उघडला नाही. पाखरं आत-बाहेर करतात. आता पहाटे परदेशी लोक गरम हवेच्या मोठ्या फुग्यांत बसून त्याच्यासमोरून तरंगत जातात, फोटो काढतात. त्या दोन पंज्यांकडे बोट करून त्यांना कोणीतरी सांगतं, ही जुनी नक्षी आहे. मी ऐकते आणि गप्प बसते.

राहिला माझा नवरा.

आमच्याकडे ईदला लहानांनी मोठ्यांचा उजवा हात धरायचा, ओठांना लावायचा, मग कपाळाला. त्या वर्षापासून रसूलने तो हात कोणाला दिला नाही. मुलांना नाही, सुनांना नाही, नातवंडांना नाही. ईद आली की हात सदऱ्याच्या आत. पोरं माझ्या हाताचं चुंबन घेतात आणि आजोबांना नुसती मान लववतात. लोकांना वाटतं म्हातारा घमेंडी आहे.

पन्नास वर्षं मी त्याला विचारलं. वर काय झालं? चिडून विचारलं, लाडीगोडीने विचारलं, आजारपणात विचारलं. तो तोंड उघडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तो ओसरीवर झोपला होता. उजवा हात उशीवर, तळवा वर. मी वाटाणे सोलत होते. मला वाटलं, एल्मास घाबरली नाही, मी कशाला घाबरू?

मी सालं खाली ठेवली. माझा पंजा त्याच्या पंज्यावर ठेवला. बोटावर बोट.

तो जागा झाला नाही. त्याची बोटं हलली नाहीत, मी डोळ्यांनी बघत होते.

पण माझ्या तळव्याला खालून कोणीतरी दाबलं.

सावकाश... एकदा.

मी हात काढून घेतला. तेव्हापासून मी त्याला काही विचारत नाही. आणि सारीकायात आजही कोणी तो कबुतरखाना कोणाचा म्हणून वाद घातला, तर मी एवढंच सांगते.

एल्मासचा आहे.